न बुजवलेला खड्डा

दि. ४ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज दारात चपला काढत होतो, तर बाबांनी मलाच विचारलं, कोण पाहिजे म्हणून. वर नम्रपणे म्हणाले की मुलगा बाहेर गेलाय, बसा. आणि याच बाबांना ओहोटीची वेळ मात्र तोंडपाठ! फावडं-बादली घेऊन किनाऱ्यावर जातात, गळाला लावायला वाळूतली गांडुळं खणतात आणि चपटे लेपे मासे धरून आणतात. परवा भरती गुडघ्याला लागली तरी खणतच होते. मी दुकान सांभाळू की त्यांना? फावडं माळ्यावर टाकलंय. सोबत वृद्धाश्रमाचा फॉर्म आहे. तुझी सही आली की त्यांना पोचवतो.

राग आला तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
ढब्बू


दि. ८ नोव्हेंबर

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

फॉर्म पुन्हा पुन्हा वाचत बसले. तिकडे दूध उतू गेलं ते वेगळंच. अरे, ज्यांनी तुला गळ बांधायला शिकवलं त्यांचंच फावडं लपवतोस? आठवतं ना, खणलेला प्रत्येक खड्डा ते आपल्याकडून बुजवून घ्यायचे, वर टाचेने तीनदा दाबून? नाहीतर भरतीनंतर वरून सपाट दिसतो, आत नुसता गाळ, उद्या कुणाचा पाय जाईल म्हणायचे. तू अंगचोर, पाठ वळली की पळायचास. तुझे खड्डे मी बुजवायचे. त्यांना अजून पत्ता नाही. तुझी अब्रू मी तीस वर्षं झाकलीय!

गांडुळं तू खण, त्यांना नुसतं गळ टाकून बसव. सही केलेली नाही. पेन हातात घेतलं की रडू येतं. पण तुझीही ओढाताण कळते रे, म्हणून चार दिवस दे.

वेळेवर जेवत जा. माया आहेच, तिला सही लागत नाही.

ताई


दि. १२ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकून काल गांडुळं मी खणली. दुकान उघडायची घाई होती, खड्डे तसेच टाकले. आज सकाळी बघतो तर बाबा घरात नाहीत! किनाऱ्यावर धावलो. ते लांब पाण्याच्या कडेला उभे होते. त्यांच्याकडे पळताना माझा उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला. माझ्याच खड्ड्यात. ओढावा तितका रुतत होता आणि भरती चढत होती. पाणी कमरेला लागलं तेव्हा मी लहान मुलासारखा बाबा, बाबा म्हणून ओरडलो.

ते आले. मला मागे उताणं पडायला सांगितलं आणि गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी गाळ उपसत राहिले. नखं फाटली त्यांची. बूट आतच राहिला, पाय सुटला. मी त्यांना मिठी मारली, तर परका माणूस बिलगल्यासारखे अवघडले.

सही करू नकोस, ताई. ओहोटीच्या वेळी दुकान बंद ठेवीन, पण त्यांच्याबरोबर जाईन.

घरी येईपर्यंत ते रागाने धुमसत होते. म्हणाले की साहेब, कोण नालायक हा खड्डा सोडून गेला कोण जाणे. माझा मुलगा कधी असा सोडायचा नाही.

आताही माझी अब्रू झाक.

तुझा,
ढब्बू