ओसाकातला ‘वा’

उरायासु, शुक्रवार संध्याकाळ

समीरच्या त्या माउथ ऑर्गनवाल्या अमेरिकन गायकाचा आयुष्यभरातल्या निवडक गाण्यांचा संच आज कोपऱ्यावरच्या कोन्बिनी दुकानातून घेऊन आले. समीर जाऊन पाच वर्षं होतील, तरी मागवला. का, ते मलाच माहीत नाही. जपानी आवृत्तीत शेवटी एक जादा गाणं आहे, ओसाकाच्या कार्यक्रमातलं. त्या कार्यक्रमाला आम्ही दोघं होतो.

इथले लोक गाणं संपून शांत होईपर्यंत हूं की चूं करत नाहीत. समीर पुण्याच्या मैफलींत वाढलेला. दुसऱ्या कडव्यानंतर गायक थांबला, नुसती गिटार उरली, आणि हा मोठ्याने “वा” म्हणाला. पुढच्या रांगेतल्या माना वळल्या.

आज ते गाणं चालू ठेवून कुकर लावताना तो “वा” ऐकू आला. अगदी स्वच्छ. रेकॉर्डवाल्यांनी काढून कसा टाकला नाही? की मलाच ऐकू येतोय? गॅस बंद करून गाणं परत लावलं. परत तोच.

तेवढ्यात ईरा खोलीतून आली आणि जपानीत म्हणाली, “आई, हा मधेच कोण बोलला?”

म्हणजे भास नाही. पण तिने आवाज ओळखला नाही. कसा ओळखेल, तो गेला तेव्हा दोन वर्षांची होती.

“तुझा बाबा,” मी म्हणाले.

तिने स्पीकरला कान लावून पुन्हा ऐकलं. “बाबा दोनदा बोलतो. दुसऱ्यांदा अर्धंच. का?”

मी त्याची बाही ओढली होती. तो ‘वा’ जिथे तुटतो, तिथे मी आहे. अजून त्याच्या शेजारी बसलेली.