जंजिऱ्याला गेलेली गाडी

प्रिय माली,

फोनवर तू रडतेस आणि माझं सांगायचं अर्धंच राहतं, म्हणून कागद घेतलाय. तुझी वहिनी म्हणते, आता कोण पत्र लिहितं. लिहिणाऱ्यानं लिहावं. कागदावर निदान वाक्य पुरं होतं.

इकडं ऊसतोड सुरू झालीय. दुकानात विहिरीवरच्या पंपांच्या जळक्या मोटारींचा ढीग पडलाय. परवा एक नवीन गिऱ्हाईक म्हणालं, लालासाहेब, मोटारीत नवी तार भरायला तुम्ही शिकलात कुठं? मी म्हटलं, जळक्या मोटारी उसवून शिकलो, कुणाच्या हाताखाली पाना उचलून दिला नाही. माझी ही बढाई तुला पाठ आहे. हस, बरं वाटेल.

आई चालती-फिरती आहे. पण ऊन उतरलं की ओट्यावर येऊन रस्त्याकडं बघत बसते. तुमची शाळेच्या सहलीची गाडी यायची असते. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, या दुखण्यात नवं पुसलं जातं, जुनं राहतं. मान्य. पण एवढ्या जुन्यातनं हेच का राहावं? तुझं लग्न नाही, अण्णांचं जाणं नाही. बराच विचार केला तेव्हा कळलं. अण्णा तुला जंजिऱ्याला धाडायला तयार नव्हते. पोरीच्या जातीनं दर्यातल्या किल्ल्यात कशाला जायचं, म्हणाले. आईनं आयुष्यात एकदाच त्यांचा शब्द मोडला, तुझ्या वर्गाच्या शिंगटेबाईंच्या भरवशावर तुला गाडीत बसवलं, आणि नेमकी तीच गाडी वेळेवर परत आली नाही. तू सगळ्यांना सांगतेस, गाडी महाबळेश्वरात बंद पडली. चूक. ती आंबेनळी घाटात बंद पडली, वाडा कुंभरोशीच्या अलीकडं. मी ड्रायव्हरला खोदून विचारलं होतं. तुम्ही तिकडं भेंड्या लावत बसला होता. इकडं आई अण्णांची नजर चुकवत स्टँडवर उभी होती. दुसऱ्या दिवशी तू उतरलीस, नाक उन्हानं सोललेलं, कलालबांगडी तोफेवर बसल्याच्या गप्पा मारत. आपल्यासाठी तिथं ते संपलं. आईची गाडी अजून घाटातच आहे.

सुरुवातीला मी तिला दुरुस्त करायचो. माझा स्वभाव तुला ठाऊकच. आई, माली आता खंडाळ्याला असते, कचेरीत नोकरी करते, तिचा लेक इंजिनिअर झाला. ती सगळं नीट ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "लाला, तू लय हुशार हाईस. पन गाडी कवा येनार ते सांग." मग मी हरलो. आता खोटं सांगतो. टायर पंक्चर झालंय, येतीलच. ज्यानं आयुष्यभर कुणाला 'साधारण' हा शब्द वापरू दिला नाही, तो रोज एक नवं टायर पंक्चर करतो.

आता दिवाळीचं. तू उंबऱ्यातच तिच्या गळ्यात पडलीस आणि तुला हुंदका फुटला. तिनं तुला ओळखलं नाही, कोण तुम्ही म्हणाली, आणि तू त्याच दिवशी माघारी गेलीस. तुला वाटलं, आपल्याला लेक म्हणून जागाच उरली नाही. पण तू गेल्यावर काय झालं ते मी तुला सांगितलेलं नाही. तिनं माझं मनगट घट्ट धरलं आणि विचारलं, "कोन बाई हुती रं ती? रडत का आली? माली बुडाली का?" अनोळखी बाई दारात येऊन गळ्यात पडून रडते, याचा आपल्याकडं दुसरा अर्थ होत नाही, माली. ती बाई पुसली गेली, धास्ती तेवढी राहिली. तेव्हापासनं तिला घास उतरत नाही. वहिनीनं मऊ भात कालवून पुढं केला तरी तोंड फिरवते. पोर पाण्यात आन मी जेवू व्हय, म्हणते. डॉक्टर आता नाकातनं नळी घालायचं बोलतायत. माझ्या पंक्चरवर तिचा विश्वास उरलेला नाही. तू तर घरातच असतोस, तुला काय ठावं, असं तोंडावर म्हणते. आणि ते बरोबरच आहे.

म्हणून लिहितोय. येत्या रविवारी ये, पण लेक म्हणून येऊ नकोस. शिंगटेबाई होऊन ये. बाई वारल्या हे आईला ठाऊक नाही, चेहराही आठवत नसावा. पण त्यांनी तुला नेलंय, एवढं तिला पक्कं आठवतं. कडक इस्त्रीची साडी नेस. तिला आई म्हणू नकोस, मालीच्या आई म्हण. सांग, होड्या किनाऱ्याला लागल्या, पोरी सगळ्या सुखरूप आहेत, माली पोटभर जेवलीय, तुम्हीही जेवून घ्या. आणि डोळ्यांत पाणी आणू नकोस. बाकी काहीही चुकलं तरी चालेल. मी काय मागतोय ते मला कळतं, माली. एवढं ऐकलं की आई उठेल आणि तुझ्या पाया पडायला वाकेल. लेकरू राखून आणणाऱ्या बाईच्या पाया ती पडल्याशिवाय राहायची नाही. तेव्हा मागं सरू नकोस. पडू दे.

स्टँडवर घ्यायला येतो.

तुझाच दादा,
लालासाहेब