ओट्यावरची खिडकी आणि गेलेली हवा

अण्णा, मी अंतराळात घर बांधलंय. हसू नका, कॉम्प्युटरवरचा खेळ आहे तो. त्यात कोणी हरत नाही की जिंकत नाही. लोखंडी पत्रे जोडायचे, वेल्डिंग करायचं, यानं उभी करायची, स्थानकं उभी करायची आणि आत हवा टिकते का ते बघायचं. चाळिशी उलटली तरी ऑफिसातून आले की मी हेच करत बसते. ठिणग्या उडाल्या की तुमचं अंबडचं वेल्डिंगचं शेड आठवतं, तिथला जळका वास आठवतो, आणि जेवणाच्या सुट्टीत काळ्या हातांनी तुम्ही मला फोडून दिलेला पेरू.

माझं पहिलं स्थानक इतकं अरुंद झालं की माझाच माणूस बोळात अडकून बसला. तेव्हा तुमची पद्धत आठवली. आधी जमिनीवर पूर्ण मापाने आखायचं, आत फिरून बघायचं, मगच कापायचं. भाड्याच्या खोलीपुढच्या अंगणात दर रविवारी तुम्ही खडूने आपलं घर आखायचात. मी रेघ ओलांडून आत आले की तुम्ही ओरडायचात, "अगं, भिंतीतून काय येतेस? दारातून ये!" मी मागे फिरून दारातून यायची. ते घर काही झालं नाही. तुम्ही गेलात आणि आईने त्याचा विषयच बंद केला. घराचाच काय, तुमचाही. फोटोला हार घालायची, तेवढंच. मला ते फार लागायचं. तुमच्याबद्दल बोलायला तिच्याशिवाय मला होतं कोण?

म्हणून मी तेच घर गुपचूप अंतराळात बांधलं. परवा आई चहा घेऊन मागे येऊन उभी राहिली. मी कॉम्प्युटरचा पडदा बंद करणार, तेवढ्यात ती म्हणाली, "हे तर आपलं घर हाय." आणि लगेच आवाज चढवून, "ओट्यावरची खिडकी कुठंय? फोडणीचा ठसका बसतो म्हणून त्यांनी कबूल केली होती मला!" मी खिडकी केली. केल्याबरोबर घरातली सगळी हवा भसकन बाहेर आणि तिच्यामागे दोन खोकीही. आई पदर तोंडाला लावून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "त्यांचं बी असंच," म्हणाली, "एकदा शेडाचं दार आतून वेल्ड केलं आन् सोताच अडकले!" अण्णा, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून संध्याकाळी दिवा लावला की आई खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसते, खिडकीतून हवा जाऊ नये म्हणून रोज नवा उपाय घेऊन. कधी म्हणते ओलं फडकं कोंब, कधी म्हणते परात आडवी लाव. आणि उपाय फसला की तुमची एक गोष्ट निघते. लग्न नवं असताना सिन्नरच्या एसटीत तुम्ही तिच्यासाठी जागा धरली आणि स्वतःच त्या जागेवर आडवे होऊन घोरायला लागलात, हे कालच कळलं. ती बिचारी नाशिकपर्यंत उभी! मी इतकी खूश आहे की ऑफिसातही एकटीच हसते.

हे पत्र टाकायचं कुठे, ते मलाही माहीत नाही. म्हणून एक गुपित तुम्हालाच सांगते. त्या खिडकीला बसणारी काच खेळात आहे, एका बटणावर बसते. काच मिळते का, असं आईने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मी म्हटलं, नाही मिळत.