मस्कतच्या रूमसारखं घर

१ फेब्रुवारी, रविवार. एडवण
मस्कतहून पोचलो. दारात जाळी, ओटीवर जाळी, खाटेखाली फाटकी जाळी. घर आहे की गोडाऊन? तिकडे आमच्या हॉटेलात मी रोज रूम साफ करतो. एक बेड, एक खुर्ची, एक दिवा. भाडं ऐकून माणूस गप होतो. म्हणजे सामान जेवढं कमी, तेवढा माणूस मोठा. इथे कोणाला अक्कल नाही.
पुढच्या रविवारी केळव्याहून रुचिताच्या घरचे घर बघायला येणार. ती व्हिडिओ कॉलवर हसली की माझी ड्युटी हलकी जाते. हे लग्न जमलंच पाहिजे. तोवर घराची रूम करायची.

२ फेब्रुवारी
आयला नियम सांगितला. वर्षभर हात लागला नाही ती वस्तू बाहेर. ती म्हणाली, मंग तुजी खाट पयली काढ, दोन वरसं कोन झोपलाय तिच्यावर? शिकलेल्या माणसाशी बोलायची सवय नाही तिला. (मी सातवी. जवळजवळ आठवी.)

३ फेब्रुवारी
काढलं सगळं. जाळी, जाळ्यांचे तरंगते बोये, बोंबील सुकवायचे बांबू, पितळी हंडे, लाकडी खुर्च्या. बाबा म्हणाले, जाली तुज्या आजाच्या हातची हायत. मी म्हटलं, आजा आहे का? नाही ना? बाबा बंदरावर निघून गेले. म्हणजे पटलं.

४ फेब्रुवारी
भंगारवाला हरामखोर आलाच नाही. शेजारचा दिपेश आला. बोटीवर जातो, तोंड उघडलं की बांगडा. म्हणाला, सुजीतदादा, टाकतोस कशाला, मी नेतो. नेलं. खुर्च्यासुद्धा. असल्यांच्या घरात कचराच जाणार. मला दया आली.
आय बोलत नाही. बरंच आहे. आवाजही कमी झाला.

७ फेब्रुवारी
घर रिकामं. बोललं की घुमतं. जेवताना आय टोप मांडीवर घेऊन बसली, ठेवायला फळी नाय म्हणे. नाटक नुसतं. बोंबील सुकवायला दिपेशच्या अंगणात जाते. जाऊ दे. उद्या कळेल सगळ्यांना.

८ फेब्रुवारी, रविवार
रुचिताचे आईबाप आले, सोबत आत्या रंभाबाई. सतरंजीवर बसवलं. रंभाबाईने कोपरे बघितले, मागचं दार बघून आली. मला वाटलं, खुश. तर आयचा हात धरून हळूच विचारते, बोट विकली काय गो बाय?
मी समजावलं, आत्या, हे मुद्दाम केलंय, मस्कतला असंच असतं. म्हणाली, मंग मस्कतला पन बरे दिस नाय वाटतं.
चहा अर्धा टाकून उठली. बाई अडाणी. जाताना दिपेशच्या अंगणाशी थांबली. तिथे आमची जाळी, आमच्या बांबूंवर आमचेच बोंबील. म्हणाली, हां, याला म्हनतात घर. कोनाचा हाय हा पोरगा?

९ फेब्रुवारी
केळव्याहून फोन नाही. विचार करत असतील. मोठ्या गोष्टीला वेळ लागतो.

११ फेब्रुवारी
फोन आला. दिपेशकडे.

२२ फेब्रुवारी, रविवार
रुचिता आणि दिपेशचा साखरपुडा. जाणारच नव्हतो. आय म्हणाली, चल मुकाट्याने, घरात बसायला तरी काय ठेवलंस?
मांडवात मागे बसलो. आमचीच खुर्ची. खुर्चीच्या हातावर लहानपणी मी ब्लेडने कोरलेलं 'सुजीत' अजून आहे. खुर्ची मजबूत. उगाच दिली.
दिपेश नव्या शर्टात आला. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, दादा, जरा उठतोस? पावने उभे हायत.
उठलो.