ब्रेक कुठल्या पायाशी

दि. ४ मार्च

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. कंबर कशी आहे? आई म्हणते, पन्नाशीनंतर गॅरेजवाल्या बाईने इंजिनं उचलू नयेत.

आता बातमी. घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. काल लॅबच्या मोटारसायकलवरून रक्ताचे नमुने घेऊन निघाले होते. गल्लीतून एक हातगाडी अचानक आडवी आली आणि मी डाव्या पायाने दणकून ब्रेक दाबला. पण डावीकडे ब्रेक असतो तो बाबांच्या जुन्या गाडीला. लॅबच्या गाडीला तिथे गिअर आहे. गाडीने हिसका दिला, मागचं चाक घसरलं. हातगाडीवाल्याने चपळाई केली म्हणून निभावलं. नमुने वाचले, माझा गुडघा सोलला.

साहेबांनी बजावलंय, यापुढे एकच गाडी चालवायची. बाबांची गाडी काढून टाक, नाहीतर आत बसून बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटव. आईने तर गिऱ्हाईकही शोधलंय. मला ती गाडी द्यायची नाही, आत्या. बाबा गेल्यापासून रविवारी तिच्यावर एक चक्कर मारते, तेवढाच आठवडा माझा असतो.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तू दिवसभर लोकांच्या नाना तऱ्हेच्या गाड्या चालवून बघतेस. तुझ्या पायांना कसं कळतं, आज आपण कुठल्या गाडीवर आहोत?

उत्तर लवकर दे आणि लोभ आहे तो आटू देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी

दि. ११ मार्च

चि. भिंगरीस,

अ. उ. आ. आधी गुडघ्याला मलम लाव, मग पुढे वाच.

तुझ्या प्रश्नाने मला पार कामातून उठवलं. घास कसा गिळतेस असं कुणी विचारलं की तो घशातच अडकतो, तशी गत झाली. आठवडाभर मी माझ्याच पाळतीवर होते.

दुसऱ्याच्या गाडीवर मी पाहुणी असते, असं दिसलं. इंजिन बंद ठेवून आधी दोन्ही ब्रेक, क्लच, गिअर दाबून बघते. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवते. मग आवारातच हळू फेरी, ब्रेक मारत मारत. हलकी गाडी नुसत्या नजरेने वळते, जड गाडीला आधीपासून सांगून ठेवावं लागतं. एखादीचा ब्रेक बोट लावताच धरतो, एखादीला मूठ आवळावी लागते. हे सगळं रस्त्यावर जायच्या आत कळलं पाहिजे. गिऱ्हाईकं हसतात, म्हणतात बाई गाडीची नाडी बघतायत. हसू देत.

तेव्हा इतक्यात विकू नकोस. वहिनीला सांग, मी येते आणि पोरीला तयार करते. दादाने ती गाडी मला कधी हात लावू दिली नाही, तीही हौस फिटेल.

वहिनीला नमस्कार. तुझ्यावर माया आहेच, ती लिहून कशाला दाखवू?

आत्या

दि. २६ मार्च

चि. भिंगरीस,

अ. उ. आ. सुखरूप पोचले. कोपर ठणकतंय, पण त्याहून जास्त तोरा दुखावलाय.

प्रवासभर त्या मैदानाचाच विचार केला. मी नाडी बघितली, फेऱ्या मारल्या, सगळं यथासांग केलं. दादाची गाडी लोण्यासारखी चालत होती. आणि तू न सांगता, त्या हातगाडीसारखी, समोर बादली भिरकावलीस, तेव्हा माझा उजवाच पाय दाबला गेला. ब्रेक डावीकडे राहिला आणि मी कुंपणात. तू हसलीस ते बरं केलंस, नंतर गाडीवरची माती पुसत बसलीस ते मला बघवलं नाही.

आता मला कळलं ते असं. वजन, वळण, ब्रेकची पकड यांची सवय करून घेता येते, कारण त्यांना आपण वेळ देतो. दचकलेला पाय वेळ मागत नाही. जन्मभर मी चालवलेल्या सगळ्या गाड्यांचा ब्रेक उजव्या पायाशीच होता, त्यावर मी शहाणपण मिरवत होते. तुझ्या साहेबांचं बरोबर आहे.

पण विकणं हा एकच मार्ग नाही. आडव्या दांड्या घालून गिअर डावीकडे आणि ब्रेक उजवीकडे नेता येतो. मी करून देईन. मग मात्र दादाने चालवली तशी ती राहणार नाही. हे लिहिताना मला फार वाईट वाटतंय. तू आणि वहिनी ठरवा, मला घाई नाही.

राग नसावा, लोभ असावा असं आज मीच तुला लिहिते.

आत्या

दि. ३० एप्रिल

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. तू दांड्या बसवून गेल्यापासून रोज सकाळी मैदानात जाते. आधी इंजिन बंद ठेवून नाडी, मग हळू फेऱ्या. गाडी जड आहे, वळताना अजून तिला आधीपासून सांगावं लागतं. आई कडेला बसून न सांगता बादल्या फेकते. तिला यात इतकी गोडी लागलीय की गिऱ्हाईकाला तिनेच नाही म्हणून कळवलं. साहेबांनीही एकदा येऊन स्वतः बादली फेकली आणि माझं काम माझ्याकडे राहू दिलं.

काल पहिल्यांदा ती रस्त्यावर काढली. आवाज तोच, सीट तीच. पण डाव्या पायाखाली बाबा नव्हते. एवढी वर्षं मी त्यांची गाडी चालवत होते, काल माझी चालवली. ते जाणवलं आणि डोळे इतके भरले की पुढचं दिसेना. कडेला घेतली, थांबले आणि पोटभर रडले.

थांबताना ब्रेकवर पाय उजवाच गेला, आत्या.

तुझीच,
भिंगरी