झाकण उघडण्याचा रविवार

तोकामाची,
१५ नोव्हेंबर

चि. यासुमासा,

आशीर्वाद. तुम्ही सगळे ठीक असाल असं धरून चालते, कारण तू काही कळवत नाहीस आणि तुझी बायको इकुए फोनवर "ठीक आहे, ठीक आहे" याच्या पुढे जात नाही. मी बरी आहे. गुडघे त्यांच्या मर्जीने वागतात, त्यांचं काय लिहायचं?

बर्फ अजून पडला नाही, पण वारा झोंबायला लागलाय. काल खिडक्यांना फळ्या लावून घेतल्या. दरवर्षी तू शिडीवर असायचास आणि मी खाली उभी राहून चुका काढायचे. या वेळी बाहेरची दोन माणसं बोलावली. चुका काढल्या, पण त्यांनी मनावर घेतलं नाही, मग मलाही मजा आली नाही. झाडाचे पर्सिमन सोलून वळचणीला टांगलेत. वाळले की पाठवते. तुमच्या ताकासाकीत मिळतात म्हणू नकोस, ते निव्वळ साखरेचे गोळे असतात.

परवा पोस्टातल्या मुलीने विचारलं, "आजी, तुम्ही मंडळी महिन्यातून एकदा सभागृहात जमून करता तरी काय?" मी म्हटलं, "जे कॉम्प्युटर इंटरनेटच्या आधी जन्मले, त्यांना इंटरनेटवर बोलायला शिकवतो." ती म्हणाली, "पण त्यांना काय बोलायचंय?" तिथे तू हवा होतास. तू काहीतरी खोचक बोलला असतास आणि तिने मला तिकिटं चुकीची दिली असती.

आपल्या मंडळातली माणसं तीच आहेत. तुझा वर्गमित्र नागुमो अजून न्हाव्याचं दुकान दुपारी बंद करून मशीनशी खेळत बसतो. पाणीखात्यातली इगाराशी आता आमची पुढारी झालीय. वयाने सगळ्यांत लहान, पण दटावते अशी की मला माझी सासू आठवते. माझं काम पहिल्यासारखंच, पत्रव्यवहार. फिनलंडमधल्या त्या लांबलचक नावाच्या माणसाने पुन्हा लिहिलंय. त्याच्याकडे आपण आपल्या कॉम्प्युटरच्या दुकानात विकायचो तसलंच जुनं मशीन आहे, आणि इंटरनेटशी जोडणारा तुझा प्रोग्रॅम नसेल तर ते नुसतं पेटी आहे असं तो म्हणतो. आपल्याकडचे कोचीचे शिक्षकही विचारतात. सगळ्यांचा प्रश्न एकच आहे. वसंतात आलेली आवृत्ती वापरायची की तिच्या आधीची? मी सगळ्यांना "जरा थांबा" एवढंच कळवते. किती दिवस कळवणार?

या विषयावर लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. तरी आलाच.

पुढच्या रविवारी मंडळाचा निर्णय आहे. तुझी वसंतातली आवृत्ती काढून टाकायची आणि तुला ते व्हायच्या आधीच्या आवृत्तीवर परत जायचं, असं बहुतेकांचं म्हणणं आहे. ते, ते काय म्हणतेय मी! पक्षाघात. लिहिला एकदाचा. वर्ष होत आलं, अजून जीभ वळत नव्हती, आता पेन वळलं.

नागुमोच्या मशीनवर तुझा प्रोग्रॅम थोडा वेळ चालायचा आणि मग मुका व्हायचा. तू तुझ्या मशीनवर पुन्हा पुन्हा तपासलंस, तुला काही सापडलं नाही. मग नागुमो म्हणाला, "यासु, आता जरा विश्रांती घे रे," आणि तू सगळ्यांना एक ओळ पाठवलीस. "माझं डोकं भरवशाचं राहिलं नाही, दुसऱ्या कुणीतरी बघा." त्यानंतर तू आजतागायत गप्प.

इकुएने मला शपथ घातली होती, तरी लिहिते. तू मशीन खोक्यात भरून दाराशी ठेवलंयस आणि भंगारवाल्याला सांगितलंयस, हे मला कळलंय. तिच्यावर चिडू नकोस. ती फोनवर रडत होती. म्हणाली, "ताई, ते मशीन देत नाहीयेत हो, ते स्वतःलाच देऊन टाकतायत."

यासु, मी तुला शिकवायला जाणार नाही. तुझं डोकं कसं आहे ते मला इथे बसून कळत नाही, आणि खोटं मी लिहिणार नाही. पण माझं दुसरं पत्र येईपर्यंत ते खोकं दाराबाहेर जाऊ देऊ नकोस. मोठी बहीण म्हणून सांगते. विनंती करून बघितली असती, पण तुझ्याशी ती सवय नाही.

तुझी,
तोकिएताई


तोकामाची,
२४ नोव्हेंबर

चि. यासुमासा,

आशीर्वाद राहू देत, आधी बातमी ऐक. बसून वाच.

काल आपला झाकण उघडण्याचा रविवार होता. तुला सांगायला नको, पण हिवाळ्याआधी सगळी मशीनं उघडून ब्रशने धूळ काढायची ही चाल तूच पाडलीस. इगाराशीने यंदा आधी झाकणं आणि मग निर्णय असा क्रम लावला. मी चहा आणि तांदळाची खारी बिस्किटं घेऊन गेले होते. सगळ्यांची झाकणं निघाली. नागुमोचं काही निघेना.

"स्क्रू गंजलेत," तो म्हणाला.

इगाराशी म्हणाली, "तेल आहे माझ्याकडे."

"तेल नको. जुनं मशीन आहे, दुखावेल. माझं मी घरी करीन."

"काका, गेल्या वर्षी तर इथेच उघडलं होतंत."

"अगं, मी जन्मभर वस्तरा चालवलाय, मला धूळ काढता येत नाही का?"

असं म्हणून हा माणूस चक्क मशीनवर कोपर टेकवून चहा प्यायला लागला. मी त्याला लहानपणापासून ओळखते. आपल्या बागेतली नासपती चोरून खिशात ठेवली होती तेव्हा तो असाच टेकून उभा होता. मी म्हटलं, "नागुमो, कोपर काढ." त्याने काढलं.

स्क्रू लोण्यासारखे फिरले. आत काय होतं सांगू? मूळचा प्रोसेसर काढून त्या जागी एक नवा, चकचकीत, दुप्पट वेगाचा बसवलेला. वर गार ठेवायला छोटीशी पंख्याची टोपी. चाचणीचं मशीन कारखान्यातून आलं तसंच ठेवायचं, हा आपला पहिला नियम, आणि तो भिंतीवर नागुमोच्याच सुंदर अक्षरात लावलेला आहे!

"कधी बसवलंत?" इगाराशीने विचारलं.

"फेब्रुवारीत," तो म्हणाला. "दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. म्हटलं, म्हाताऱ्याला जरा तरणं करू. सांगितलं असतं तर तुम्ही चाचणीतून काढलं असतं."

फेब्रुवारी, यासु. तुझी आवृत्ती आली मार्चमध्ये. म्हणजे ते मशीन बिघडायला लागलं ते तुझ्या हाताने की त्याच्या, हे कुणी बघितलंच नव्हतं. तू आजारातून उठलेला, त्यामुळे सगळ्यांची बोटं आपोआप तुझ्याकडे वळली. तुझंसुद्धा.

जुना प्रोसेसर त्याने वस्तऱ्याच्या डबीत कापसात जपून ठेवला होता. दुकान रस्त्यापलीकडेच, पळत जाऊन आणला. इगाराशीने तो परत बसवला आणि तुझी वसंतातली आवृत्ती चालू केली. आम्ही जेवायला सोबा नूडल्स मागवल्या. जेवलो. मशीन बोलत होतं. धूळ काढून झाली, चहा दुसऱ्यांदा झाला, बाहेर अंधारून आलं, रखवालदार किल्ल्या वाजवत आला, तरी ते बोलतच होतं. फिनलंडला निरोप पाठवला, तिकडून उत्तर आलं. कुठे अडलं नाही, मुकं झालं नाही.

नागुमो खुर्चीत बसून राहिला होता. मला वाटलं आता काहीतरी सबब सांगेल. पण तो म्हणाला, "तोकिए, मी त्याला विश्रांती घे म्हणालो." एवढंच बोलला आणि रुमाल काढला. मला त्याला चार शब्द सुनावायचे होते, तोंडात तयार होते. गिळले. तो म्हणतो, ताकासाकीला येऊन तुझे केस कापून देईन. इकुए म्हणते, खूप वाढलेत.

निर्णय असा झाला की तुझी आवृत्ती राहणार. सगळ्यांचे हात वर होते, नागुमोचे तर दोन्ही.

आता माझं ऐक. मागच्या पत्रात लिहिलं होतं की तुझं डोकं कसं आहे मला कळत नाही. आता कळलं. तू केलेलं काम बरोबर होतं. तू आजारातून उठून, अर्ध्या अंगाने बसून केलेलं काम बरोबर होतं, आणि धडधाकट माणसं चुकली. काल घरी येऊन मी तुझ्या जुन्या खोलीत नुसती बसले. इतकं बरं वाटलं की काय करावं कळेना, मग मुळ्याचं लोणचं घातलं.

खोकं उघड. एवढं लिहून थांबते.

तुझी,
तोकिएताई


ताकासाकी,
६ डिसेंबर

ताई,

नमस्कार. हे पत्र दोन दिवस लिहितोय. शब्द आहेत, पण हाक मारली की उशिरा येतात. आले की बसवतो.

भंगारवाला येऊन गेला. तुझं पहिलं पत्र आलं होतं, दुसरं यायचं होतं. इकुएने मला विचारलंही नाही. त्याला जुना पंखा दिला आणि वाटेला लावलं.

दुसरं पत्र वाचलं. आधी रडलो. आता बारीकसारीक गोष्टींनी रडू येतं, डॉक्टर म्हणतात तो आजाराचाच भाग आहे, पण हे बारीकसारीक नव्हतं. मग नागुमोचा राग आला. मग हसू आलं. मशीनला पंख्याची टोपी! रात्री झोपताना मात्र एक गोष्ट खुपायला लागली. तुम्ही सगळ्यांनी हात वर करून मला निर्दोष ठरवलंत. पण ताई, प्रोसेसर वेगाने धावला म्हणून प्रोग्रॅमने मुकं का व्हावं? वेगवान घोड्यावर बसलं तर माणूस लवकर पोहोचायला हवा, पडायला नको.

सकाळी खोकं उघडलं. इकुएने तारा जोडल्या, मी सांगत होतो, ती चुकीच्या भोकात घालत होती, आम्ही पुष्कळ भांडलो. बरं वाटलं. मग प्रोग्रॅम उघडून ओळ न् ओळ वाचली. पूर्वी एका बैठकीत वाचायचो, आता मध्ये झोप लागते.

सापडलं. नेटवर्कच्या कार्डाला काम सांगितलं की त्याला तयार व्हायला क्षणभर द्यावा लागतो. तो क्षण मी मोजून काढला होता. लपंडावात डोळे मिटून अंक मोजतात ना, तसा प्रोग्रॅम ठरलेल्या आकड्यापर्यंत मोजतो आणि मग डोळे उघडतो. कारखान्यातून आलेलं मशीन ठरावीक वेगाने मोजतं, त्यामुळे आजवर भागलं. नागुमोचं तरणं मशीन भराभर मोजून मोकळं होतं, तोवर कार्ड लपलेलंच नसतं. दर वेळी नाही, पण कधी ना कधी गाठ पडते आणि सगळं अडतं. मोजायला नको होतं. मशीनच्या पोटात घड्याळ आहे, त्याला विचारायला हवं होतं.

म्हणजे चूक माझीच आहे.

पण कुठली ओळ आहे ती, सांगू? वसंतातली नाही. मार्चमध्ये मी तिला हातही लावलेला नाही. ती मी दुकानाच्या मागच्या खोलीत लिहिली, अगदी पहिल्या आवृत्तीत. तिशीत होतो, दोन्ही हात शाबूत, डोकं तल्लख, आणि मोठा शहाणा समजायचो स्वतःला. ताई, ही आजारी माणसाची चूक नाही. ही धडधाकट माणसाची चूक आहे, आणि ती आजारी माणसाने शोधून काढलीय. हे समजलं तेव्हा मी इतक्या जोराने ओरडलो की इकुए साबणाच्या हातांनी धावत आली. तिला वाटलं पुन्हा काही झालं.

तेव्हा मंडळाला कळव. हात खाली करा. माझी वसंतातली आवृत्ती ठेवू नका, आणि तिच्या आधीचीही नको, दोन्हींत तीच खोट आहे. फिनलंडच्या माणसाला आणि कोचीच्या शिक्षकांना अजून थोडं थांबायला सांग, पण या वेळी कारण सांग. नवी आवृत्ती मी करतोय. अर्धी झालीय. एका हाताने वेळ लागतो. इगाराशीला म्हणावं, लिहून झाल्यावर प्रत्येक ओळ तिने वाचायची, आणि मी आजारी आहे म्हणून एकही शब्द गिळायचा नाही.

आणि नागुमोला म्हणावं, केस कापायला जरूर ये. पण मशीन घेऊन ये, आणि तो चकचकीत प्रोसेसर परत बसवून आण. मला नव्या आवृत्तीची चाचणी त्याच्यावरच घ्यायची आहे. नियम बदलायला हवा. कारखान्यातून आलं तसं आता कोण राहिलंय?

अक्षर बघून घाबरू नकोस. उजवा हात येईल तेव्हा येईल, त्याची वाट बघत काम थांबवणार नाही. डाव्या हाताची सही ही अशीच वाकडी येते. इथून पुढे हीच.

यासुमासा