दोन डाव्या बाह्या

ती. सौ. कौशल्याताईस,

धाकट्या नंदलालचा नमस्कार. पवनीत सर्व ठीक. लाखांदुरास तुझी कंबर, भाऊजींचा खोकला आणि ती मारकी गाय, तिन्ही शांत असावीत. (फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस.) आता गंभीर विषय. दिवाळीला आलीस आणि जाताना आईची मोठी कात्री घेऊन गेलीस. या कृत्यास संस्कृतात अपहार म्हणतात. त्यापायी मला एक संपूर्ण वस्त्र मिशा कापायच्या कात्रीने कापावं लागलं, तेव्हा पुढे जे घडलं त्याचं निम्मं पाप तुझ्याकडे.

आईला लुगडं जड होतं, गुडघे साथ देत नाहीत, हे तुला मागेच कळवलं होतं. तुझ्या भावजयीने, करुणाने, सकाळी कसंबसं नेसवलं तरी दुपारपर्यंत निऱ्या सुटून हातात येतात. लुगड्याशिवाय दाराबाहेर पडायचं नाही हा तिचा नियम, म्हणून तिने बाहेर पडणंच सोडलं. त्यात आमच्या शेजारच्या केवळरामच्या मुलीचं अड्याळला लग्न निघालं. त्या मुलीला तान्हेपणी आईने न्हाऊ-माखू घातलेलं, आणि आता आईच म्हणे, मी काही येत नाही. तू पाठवलेला गाउन पुढे केला, तर म्हणाली, "काहून रे बाबू, मले पोत्यात भरून लगनाले नेऊन राहिला का?" (तुझ्या आवडीविषयी आणखीही बोलली. ते पत्रात लिहिण्याजोगं नाही.)

शेवटी मंगल कार्यालयात कपड्यांचा सेल लागला होता, तिथून मी एक लांब जांभळा झगा उचलला. कापड मऊ, आणि किंमत इतकी कमी की विकणाराच माझ्याकडे संशयाने बघत होता. स्वस्ताईचं कारण घरी कळलं. बाह्या नव्हत्याच. गळा खाली येताना थांबायचं विसरला होता आणि बाजूची चीर वर जाताना. करुणाने तो उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाली, "अजी, दोघांची भेट व्हायच्या आत शिवून टाका."

तिच्या मशीनवर मीच बसलो. चीर सरळ टीप मारून बंद केली. आईच्या एका विरलेल्या लुगड्याचा धड भाग काढून गळ्याला पट्टी लावली, त्याच्याच निऱ्या घालून पुढे कमरेला पक्क्या शिवल्या, आणि पदर डाव्या खांद्यावर असा टाचला की डोक्यावरून घेता यावा. डोक्यातून झगा घातला की निऱ्या निऱ्यांच्या जागी आणि पदर पदराच्या. याला विद्वत्ता लागत नाही. विद्वत्ता नडली ती बाह्यांना. लुगडं बुट्ट्यांचं, म्हणजे सुलट-उलट बाजू असलेलं. कापड दुमडून दोन्ही बाह्या एकदम कापायच्या असतात. मी एक कापली, तीच कापडावर ठेवून दुसरी कापली, आणि दोन्ही डाव्या निघाल्या. बाहुः, बाहू, बाहवः हे मी इतकी वर्षं पोरांकडून घोकून घेतो, पण एकवचन दोनदा लिहिल्याने द्विवचन होत नाही हे मला त्या झग्याने शिकवलं. (उजवी नव्याने कापली. उरलेल्या डावीत आता माझी छत्री राहते.)

माप बघायला झगा घालून मीच आरशापुढे उभा राहिलो (आईची आणि माझी उंची एकच), तोच केवळराम लग्नाची आठवण द्यायला आत आला. त्याने मला पायापासून पदरापर्यंत पाहिलं. "मास्तर, लगनाले हेच घालून येऊन राहिले का?" मी म्हटलं, आईचं आहे. "बरं झालं सांगतलं," तो म्हणाला, "नाही तं तुमाले बायांच्या पंगतीत बसवलं असतं."

आणि ताई, आई लग्नाला आली. डोक्यावर पदर घेऊन मांडवात अशी बसली, जणू तिचंच आमंत्रण बाकीच्यांना होतं. करडी गावच्या पार्वताबाईंनी पदर ओढून पाहिला, तो निघेना. कुठून घेतलं, विचारलं. आई म्हणाली, "माह्या पोरानं शिवलं. मास्तर आहे थो." पार्वताबाईंनी तिथेच स्वतःसाठी एक सांगितलं. आजवर माझ्याकडे संस्कृतच्या शिकवणीला एक विद्यार्थी आला नाही, आणि शिलाईला मांडवातच गिऱ्हाईक. परतीच्या एसटीत आई खिडकीशी बसून लग्नातली गाणी म्हणत होती.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
नंदलाल

ता. क. कात्री राहू दे तुझ्याकडे. मी नवी घेतली.

पुन्हा ता. क. गुडघ्यांचं जे वर लिहिलं, तेच मी सगळ्यांना सांगतो. गुडघे बरे आहेत. दिवाळीनंतर एका सकाळी आई लुगडं हातात धरून नुसती उभी होती. मला म्हणाली, "बाबू, हे कोणीकून सुरू करतेत रे?" बाबांच्या हातमागासाठी जिने जन्मभर सुताच्या कांड्या भरल्या, ती. मला वाटलं थट्टा करते, म्हणून मी हसलो. ती हसली नाही. झगा शिवला तो तिला काही आठवावं लागू नये म्हणून. पण सगळंच काही शिवून ठेवता येत नाही. तू चार दिवस येऊन राहा. तुला बघून ती लगेच 'कौशल्या' म्हणते का, ते मला एकट्याने बघायचं नाही. मला भीती वाटते.